मावसबहिणीची सही

आम्ही मावसबहिणी आहोत, हे मी पहिल्यांदा म्हटलं ते डोंबिवली पूर्वेला भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा. घरमालकीण दार अडवून उभी होती. एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा तिच्याकडे. "दोघी कोण एकमेकींच्या?" तिने विचारलं. मी काही ठरवून गेलेले नव्हते, तोंडातून निघून गेलं. जिना उतरताना ती मला म्हणाली, "अगं, आत्येबहिणी तरी म्हणायचंस. माझ्या आईला बहीणच नाहीये." दोघी हसलो. खोली मिळाली होती.

ते नातं आम्ही एकवीस वर्षं चालवलं. पुढे कोपर स्टेशनच्या बाजूला दोघींच्या नावावर घर घेतलं, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीलाही तेच सांगितलं. तिच्या शाळेत तेच, माझ्या ऑफिसात तेच. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या तेव्हा "तुमच्या मावसबहिणीलाही आणा" म्हणायच्या. खोटं रोज बोललं की ते घरातल्या भांड्यासारखं हाताला सवयीचं होतं.

ती गणित शिकवायची. कोपरच्या पलीकडे खाडीकाठच्या कोळी घरातली. आई डोंबिवलीच्या बाजारात मासे घेऊन बसायची आणि त्या टोपलीवर तिने दोन मुलं शिकवली, ही आणि हिचा धाकटा भाऊ. मी आले रत्नागिरीकडून, ठाण्याच्या वर्किंग वुमन होस्टेलात. नोकरीच्या सुरुवातीला तीही तिथे राहायची, तिथेच आमची गाठ पडली. माझ्या घरच्यांनी माझं नाव टाकलं त्याला आता इतकी वर्षं झाली की त्याचा रागही येत नाही. तिच्या भावाने मात्र मनात ठेवलं होतं. त्याच्या लग्नात मी तिच्याबरोबर गेलेले. त्याने तिला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं, आणि त्यानंतर तो तिचा फोन उचलेनासा झाला. काय बोलली ते तिने मला कधी सांगितलं नाही.

माझं काम कोर्टाजवळच्या एका वकिलाच्या ऑफिसात. टायपिस्ट म्हणून लागले आणि हळूहळू सगळंच करायला लागले. त्यातलं मोठं काम रजिस्टर लग्नाचं. अर्ज भरायचे, वयाचे दाखले बघायचे, नोटिशीचा महिना कधी संपतो ते सांगायचं, साक्षीदार आले नाहीत तर बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला उभं करायचं. घरून पळून आलेली पोरं बघितली, साठी उलटलेले विधुर बघितले. एक मुलगा तर फॉर्म भरताना मुलीकडे वळून म्हणाला, "तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव काय गं?" एकमेकांची इतपत ओळख असलेल्या माणसांना मी नवराबायको करून पाठवत होते. त्याचं वाईट कधी वाटलं नाही. ते माझं काम होतं.

समलिंगी लग्नाबद्दल सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल आला त्या संध्याकाळी आम्ही टीव्ही लावून बसलेलो. तिच्या मांडीवर चाचणीचे पेपर होते. लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तो संसदेने, असा निकाल लागला. तिने लाल पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "पेपर तपासून परत मुलांकडेच दिला की. म्हणे तुम्हीच मार्क घाला."

मी म्हटलं, "जाऊ दे. आपल्याला काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत?"

"इतकी वर्षं काय अडलंय आपलं?"

मी भात लावायला उठले. ते वाक्य मी बोललेले आहे, ते माझ्या नावावर आहे. आता लोक मला तेच वाक्य ऐकवतात तेव्हा त्यांना तिथल्या तिथे फाडावं असं वाटतं. पण ते त्यांनी माझ्याकडूनच उचललंय असंही वाटून जातं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती वर्गात पडली. फळ्यावर लिहिता लिहिता खडू सुटला, तो उचलायला वाकली ती उठलीच नाही. शाळेच्या क्लार्कने मला फोन केला, कारण शाळेच्या कागदात मावसबहिणीचा नंबर होता. ठाण्याहून मी दवाखान्यात पोचले तोवर डोक्याचं स्कॅन झालेलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. "मेंदूत रक्तस्राव झालाय. लगेच उघडावं लागेल. नातेवाईक कोण?"

"मी."

"कोण लागता?"

काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे सरकवला. 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. असे रकाने मी दुसऱ्यांसाठी हजारो भरलेत, विचारही न करता. तिथे पेन धरून मी उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "बाई, वेळ नाहीये." मी 'मावसबहीण' लिहिलं आणि सही केली.

ती वाचली. ही गोष्ट कुणीही सांगू दे, हे एवढं कुणाला नाकारता येणार नाही. त्या सहीवर तिचं डोकं उघडलं आणि ती वाचली.

पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळे उघडून बघायची, कळायचं सगळं, बोलायला जायची तर भलताच आवाज निघायचा. मग चिडायची. आयसीयूमधल्या एका सिस्टरने मला शिकवलं. "मॅडम, डाव्या बाजूला बसत जा. उजवीकडचं त्यांना दिसत नाही. भरवायचं पण डावीकडून, नाहीतर चमचा अचानक तोंडाशी आल्यासारखा वाटतो, घाबरतात." मी स्टूल उचलून डावीकडे नेलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि ओळखलं.

इथे माझी एक चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. तिच्या आईचं घर दवाखान्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. भावाला दोनदा तिच्या फोनवरून फोन लावला, त्याने उचलला नाही, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. तो आला तर मावसबहीण उघडी पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी पाचव्या दिवशी मुख्याध्यापिकेने कुणाकडून तरी त्याचा नंबर मिळवून कळवलं.

तो टिटवाळ्याहून आला. आधी डॉक्टरांना भेटला, मग फाइल मागितली. फॉर्म वाचला आणि वॉर्डाबाहेर, सगळ्यांसमोर मला विचारलं, "मावसबहीण कोण?"

मी काउंटरकडे बघितलं.

"ओ बाई, तुम्हाला विचारतोय. आम्हाला मावशीच नाय. आमची आई एकटी पोर. मग ही मावसबहीण आली कुठून?"

काउंटरवरची बाई उठून उभी राहिली. तो तिच्याकडे वळला. "माझ्या बहिणीचं डोकं उघडलं तुम्ही, कुणाच्या सहीवर? या बाईच्या? ही कोण आहे, विचारलंत?"

"दादा, इमर्जन्सी होती," ती म्हणाली.

"आणि मला पाचव्या दिवशी कळतंय."

हे शेवटचं तो ओरडून नाही बोलला. त्याचा आवाज फाटला. त्या एका वाक्यापुरतं त्याचं बरोबर होतं, आणि तेवढंच त्याला पुरलं. तासाभरात दवाखान्याच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही खोटं नातं लिहिलंत. त्यांनी तक्रार केली तर आम्ही अडचणीत येऊ. आता रक्ताचे नातेवाईक आलेत. तुम्ही आत येऊ नका, प्लीज."

"मी सही केली नसती तर ती मेली असती."

"तो वेगळा विषय आहे," ते म्हणाले.

मी पिशवी घ्यायला आत जाते म्हटलं तर सिक्युरिटीवालीने पिशवी बाहेर आणून दिली. कंगवा, टॉवेल, तिचा चष्मा. चष्मा मी परत पाठवला. तो तिला पोचला की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

दहा दिवसांनी भाऊ तिला टिटवाळ्याला त्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये घेऊन गेला. मी तिसऱ्याच दिवशी गेले. वॉचमनने नाव विचारलं, इंटरकॉमवर बोलला आणि माझी नजर टाळून म्हणाला, "वर नाही सोडायला सांगितलंय." मी तिथेच बाकावर बसले. शेवटी भाऊच खाली आला.

"का येता?"

"तिला बघायला. पाच मिनिटं. तुम्ही समोर उभे राहा हवं तर."

"तिला आराम सांगितलाय. तुम्हाला बघून त्रास होतो."

"तिने सांगितलं?"

"ती कुठे बोलतेय?" तो म्हणाला, आणि मग जरा जवळ येऊन, "हे बघा, इथे फॅमिली राहतात. तुमचं काय होतं ते तिकडे होतं. पुन्हा आलात तर खोट्या सहीची पोलिसात देईन."

मग पोलिसात मीच गेले. कुठल्या ते लिहीत नाही. अधिकारी उद्धट नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तक्रार काय लिहू? भावाने आजारी बहिणीला घरी नेलं. हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो?"

"तिच्या मर्जीविरुद्ध नेलंय."

"मर्जी तुम्हाला कशी कळली? तुम्ही तिच्या कोण?"

बावन्न वर्षांच्या आयुष्यात ते मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "मी तिची बायको आहे." आणि माझ्यातली टायपिस्ट लगेच बोलली, "म्हणजे, कायद्याने नाही."

शेजारी बसलेल्या हवालदाराने रजिस्टरमध्ये मान घातली. त्याचे खांदे हलत होते.

"मग कायद्याने कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कायद्याने कोणी नाही."

"मग घरी जा, बाई," ते म्हणाले. माणूस चांगला होता म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. अठरा वर्षं त्यांच्याकडे काम करत होते. ते चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "मला अंदाज होता. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं." आणि मग, वकील ते वकीलच, "अहो, पण तुम्ही मुखत्यारपत्र करून ठेवायचं ना. लग्नाबिग्नाचं काय घेऊन बसायचं, कागद करून ठेवले की झालं."

"साहेब, मुखत्यारपत्र तुमच्याच ऑफिसात मी टाइप करते. करून देणारा शुद्धीवर असेपर्यंतच चालतं ते. तिची शुद्ध गेली त्या क्षणी ते रद्दी झालं असतं."

त्यांनी मान हलवली.

"लग्न बेशुद्धीतही चालतं," मी म्हटलं. "त्यासाठीच तर लोक करतात. हार घालायला कोण करतं?"

माझा आवाज चढला होता. बाहेर एक जोडपं अर्ज भरायला थांबलेलं. मी जाऊन त्यांचा अर्ज भरला. मुलीला मी पाणी दिलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या दोघांचा राग आला. त्यांनी माझं काही घेतलेलं नव्हतं. आमच्या टेबलावर येऊन एका कागदावर सही करायची, आणि उद्या एकाचं डोकं उघडायची वेळ आली तर दुसऱ्याला कुणी काही विचारणार नाही. त्यांना हे माहीतही नव्हतं. असल्या गोष्टी ज्याला मिळतात त्याला माहीत असाव्या लागत नाहीत.

त्याच आठवड्यात मी तिच्या आईकडे गेले. जायला हवं होतं तेव्हा गेले नव्हते, आता कुठलंच दार उरलं नव्हतं म्हणून गेले. म्हातारी ओट्यावर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. तिने मला ओळखलं आणि बस म्हटलं नाही.

"काकी, मला तिला भेटू द्यायला सांगा त्याला."

"मी कोन सांगनारी?"

"तुम्ही आई आहात."

ती थोडा वेळ सोडे निवडत राहिली. मग म्हणाली, "मना सगला ठाव हाय गो. यवरी वरसां मना काय डोले नव्हतं? पन तुना म्हनू काय मी? सून म्हनू, का जावाय म्हनू? गावान कोनाला काय सांगू?"

तिला उत्तर नकोच होतं. "माजी पोर घेतलीस," ती म्हणाली. "ती आजारी परली तवा पन मना सांगला नाय. आता कनाला आलीस?"

मी उठले. पायरी उतरले तेव्हा तिने मागून विचारलं, त्याच रागात, "ती खातच नय. भावजय भरवते तर थुकते. तुजे हातचा खायची काय?"

मी परत वळले. "काकी, तिला उजवीकडचं दिसत नाही. डाव्या बाजूला बसा आणि डावीकडून भरवा. हळू. पाणी एकदम देऊ नका, ठसका लागतो."

ती हातातलं सूप आपटून आत गेली. पण ती टिटवाळ्याला जाऊन राहिली, आणि डावीकडे बसून भरवायला लागली, हे मला खूप नंतर कळलं. हे कुणी सांगितलं ते तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन महिने असेच गेले. मग एक दिवस ऑफिसात कोर्टाचा रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघताना मला तिचं आडनाव दिसलं. भावाने अर्ज केला होता: बहिणीला स्वतःचं काही कळत नाही, निर्णय घेता येत नाहीत, तरी मला तिचा पालक नेमावं. शाळेच्या रजेच्या कागदांवर, घराच्या कागदांवर सह्या त्याच्या चालणार होत्या. ज्या घरात मी त्या सकाळी चहा पिऊन निघाले होते, त्याच्या अर्ध्या भागाचा कारभारी म्हणून तो येणार होता. पण खरं सांगते, मला घराचं भय नव्हतं. 'तिला काही कळत नाही' हे वाक्य मला सहन झालं नाही. नववीच्या चाळीस पोरांना भूमिती समजावून सांगणारी बाई ती.

वकीलसाहेबांनी आमच्याकडून हरकत दाखल केली. पहिल्या तारखेला भावाचा वकील उभा राहिला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. "या बाईंचा या प्रकरणात संबंध काय? या तिऱ्हाईत आहेत. शिवाय यांनी दवाखान्यात खोटं नातं लावलेलं आहे, त्याची प्रत जोडली आहे." मावसबहिणीची सही कोर्टाच्या फाइलला लागली होती. मागच्या बाकावर मला ओळखणारे दोघेतिघे क्लार्क बसलेले, त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. अठरा वर्षं त्यांच्याबरोबर चहा प्यायले होते.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जिच्याबद्दल चाललंय तिला आधी आणा."

पुढच्या तारखेला तिला व्हीलचेअरवर आणलं. चार महिन्यांनी मी तिला बघत होते. केस कापून टाकले होते, नाकावर चष्मा होता. मी व्हरांड्यात तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. भाऊ "लांब, लांब" म्हणत मध्ये आला, पण तोवर तिने बघितलं होतं. डावा हात वर केला आणि खाली घेईना. म्हातारीने तो धरून हळूच मांडीवर ठेवला.

न्यायाधीशांनी तिला चेंबरमध्ये घेतलं, दोन्ही वकील आत, आम्ही बाहेर. आत काय झालं ते मला साहेबांनी नंतर सांगितलं. नाव विचारलं, सांगता येईना. वार विचारला, नाही. भावाचा वकील मान डोलवायला लागला. ती चिडली आणि एकदम सतराचा पाढा म्हणायला लागली. पंचवीस वर्षं जे तोंडात होतं तेवढंच उरलं होतं. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत न अडखळता गेली. मग न्यायाधीशांनी दोन चिठ्ठ्यांवर 'टिटवाळा' आणि 'कोपर' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि डावीकडे तिला दिसतील अशा ठेवल्या. "कुठे राहायचंय?" तिने कोपरवर हात ठेवला. त्यांनी चिठ्ठ्यांच्या जागा बदलल्या. पुन्हा कोपर. तिसऱ्यांदा बदलल्या तेव्हा तिने टिटवाळ्याची चिठ्ठी चुरगाळून खाली टाकली.

साहेब हे सांगताना हसत होते. मला हसू आलं नाही. तिला परीक्षेला बसवलं होतं, माझ्याकडे यायच्या परीक्षेला.

निकाल दोन पानी होता. ती सज्ञान आहे, तिला समजतं, पालक नेमायची गरज नाही, तिला हवं तिथे ती राहील. आणि शेवटी एक ओळ: हरकत घेणाऱ्या बाईंचा हक्क काय, हा प्रश्न तपासण्याचं कारण उरत नाही. ते पान मी चारपाच वेळा वाचलं. एकवीस वर्षं, आणि ती तपासण्याचं कारण उरत नाही.

"अहो, निकाल आपल्या बाजूने लागलाय," साहेब म्हणाले. "पेढे आणा."

"तिला हात उचलता आला म्हणून लागला, साहेब. नसता आला तर?"

"तसं झालं नाही ना."

"पण झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "काही करता आलं नसतं."

ती घरी आली. इथे सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. कोर्टामुळे सगळीकडे कळलं. सेक्रेटरी घरी आले, चप्पल दाराबाहेर काढून. "आमचं काही म्हणणं नाही, मॅडम. पण बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत. तुम्ही जरा... बहिणी म्हणूनच राहा की. आम्हालाही बरं पडतं." मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला बरं पडावं म्हणून मी एकवीस वर्षं खोटं बोलले. त्याच खोट्यावरून मला दवाखान्याबाहेर काढलं. आता एक दिवसही बोलणार नाही." ते चप्पल घालून गेले. या वर्षी हळदीकुंकवाला आम्हाला कुणी बोलावलं नाही. लिफ्टमध्ये शेजारीण मोबाइल काढते. शाळेतून एक सहकारी शिक्षिका तेवढी येते, तीही म्हणते, "मिळाली ना परत? मग आता लग्नाचा हक्क कशाला पाहिजे? प्रेम असलं की बास." तिचं स्वतःचं लग्न तीस वर्षांचं आहे. मी तिला विचारलं, "मग तुझं रद्द करून टाकू? फॉर्म मी भरते." ती दोन आठवडे आली नाही. नंतर आली. पण आता तो विषय काढत नाही.

म्हातारी मधूनमधून येते, सोडे नाहीतर ताजे बोंबील घेऊन. माझ्याशी बोलत नाही. लेकीच्या डावीकडे बसते, भरवते, जाते. भाऊ येत नाही.

लग्नाचा कायदा संसदेने करायचा, असं सांगितलंय ना वरच्या कोर्टाने, म्हणून मी पत्र टाइप केलं आणि गेल्या महिन्यात आम्ही दोघी आमच्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गेलो. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. ती आता काठी धरून चालते, एकेका पायरीला वेळ लागतो. वर टेबलाशी बसलेल्या माणसाने पत्र उघडून वाचलं, दोनदा वाचलं, आणि मागच्याला दाखवलं. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "काकी, आता या वयात लग्न करून काय करणार तुम्ही?"

मागचा हसला. रांगेत उभे असलेले दोघेतिघेही हसले. मी उत्तर जुळवत होते. कलमं, दवाखाना, मुखत्यारपत्र, सगळं घशाशी आलेलं.

तेवढ्यात ती बोलली, स्पष्ट, वर्गातल्या आवाजात. "गप रे."

हसणं थांबलं. मी म्हटलं, "पोच द्या." त्याने आवक शिक्का शोधला, दुसऱ्या प्रतीवर मारला आणि प्रत माझ्याकडे सरकवली. पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत.